वाळवंटाच्या कडेला घर घेतलंय? रॅटलस्नेकची तयारी मार्चच्या आधीच उरकून घ्या

ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या चँडलर-गिल्बर्टमधलं भाड्याचं अपार्टमेंट सोडून नॉर्थ स्कॉट्सडेल, केव्ह क्रीक, साउथ माउंटनच्या पायथ्याचं अहवाटुकी, नाहीतर तिकडे टूसॉनला ओरो व्हॅली, कॅटलिना फूटहिल्स अशा ठिकाणी घर घेणारे आपले बरेच लोक आहेत. मागच्या भिंतीपलीकडे थेट वाळवंट, सग्वारोचे उंच निवडुंग, संध्याकाळी लाल होणारे डोंगर, सगळं मस्तच. पण त्याच वाळवंटात रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारे विषारी साप, आपल्या कितीतरी आधीपासून राहतात आणि आपलं घर त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उभं राहिलंय, हे पझेशन घेतानाच डोक्यात ठेवलं आणि थोडी तयारी केली तर घाबरून जगायची अजिबात गरज नाही. शहराच्या मधोमध, चारी बाजूंनी घरंच घरं असतील तिथे साप क्वचितच दिसतो, म्हणून हे सगळं मुख्यतः वाळवंटाला, डोंगराला किंवा वॉशला, म्हणजे पावसातच वाहणाऱ्या कोरड्या ओढ्याला लागून असलेल्या घरांसाठी.

आधी कॅलेंडर बघा. ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या १३ जाती आहेत, घराजवळ सगळ्यात जास्त दिसतो तो वेस्टर्न डायमंडबॅक, शेपटीवर काळेपांढरे पट्टे असलेला, अंग मात्र आपल्या यार्डातल्या ग्रॅव्हलसारखंच धुळकट, त्यामुळे स्वस्थ बसला तर समोर असून दिसत नाही. साधारण मार्च ते ऑक्टोबर हे बाहेर असतात. मार्च-एप्रिलमध्ये आणि मग ऑक्टोबरमध्ये भर दिवसा, पण जून ते ऑगस्टच्या त्या भाजणाऱ्या उन्हात ते दिवसभर सावलीत पडून राहतात आणि अंधार पडला की निघतात, म्हणजे नेमकं आपण जेवण करून शतपावलीला निघतो तेव्हा. १५ जूनपासून मॉन्सून धरतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्या नागपंचमीच्या आसपासच, पिल्लं जन्मतात. अंडी नाही, थेट पिल्लं. त्या पिल्लांच्या शेपटीला खुळखुळ्याचं एकच कडं असतं त्यामुळे आवाज येतच नाही. पिल्लू जास्त विषारी असं सगळे सांगतात ते खरं नाही, मोठा साप विष जास्त सोडतो, पण पिल्लूही चावलं तर हॉस्पिटलच. थोडक्यात फेब्रुवारीत यार्डची कामं सुरू करायची.

यार्डात शिरताना एकच विचार करा, इथे सापाला खायला काय आहे, प्यायला काय आहे आणि लपायला काय आहे. खायला म्हणजे उंदीर, पॅकरॅट (काड्याकाटक्या जमवून घर करणारा इथला उंदीर), छोटे ससे, पक्षी. निवडुंगाच्या खाली काड्या आणि चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे रचून ढीग केलेला दिसला तर ते पॅकरॅटचं घर, ते काढून घ्या, ते उंदीर गाडीच्या वायरीही कुरतडतात. पक्ष्यांचा फीडर असेल तर सीझनमध्ये उतरवा, खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या वासावर साप. आणि एक आपल्याच घरांतली गोष्ट, भारतातून आलेले आई-बाबा रोज सकाळी मागच्या पॅटिओवर पाखरांना तांदूळ, उरलेली पोळी कुस्करून टाकतात. ही त्यांची आयुष्यभराची सवय आहे, एकदम बंद करा म्हटलं तर वाईट वाटतं, तर समजावून सांगा आणि घालायचंच असेल तर भिंतीबाहेर लांब, तेही थोडंच. प्यायला म्हणजे कुत्र्याचं पाण्याचं भांडं, एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी, ड्रिपची गळकी लाइन. ड्रिप एकदा चालू करून पूर्ण यार्ड फिरून बघा, जिथे माती कायम ओली तिथे आधी किडे, मग बेडूक-पाली, मग बाकीचे. लपायला म्हणजे फायरपिटसाठी रचलेली लाकडं, उरलेल्या टाइल्स, बिल्डरने टाकून दिलेले मोठे दगड, ग्रिलचं जमिनीपर्यंत आलेलं कव्हर, आणि झुडपं. लँटाना, रोजमेरी ही जमिनीलगत दाट पसरणारी झाडं लँडस्केपवाले हमखास लावतात, ती खालून फूटभर तरी मोकळी दिसतील अशी छाटून घ्या, म्हणजे खाली काय आहे ते चालताचालता दिसतं. लाकडं ठेवायचीच असतील तर जमिनीपासून उंच स्टँडवर आणि घरापासून लांब.

आता कुंपण, आणि खरा खर्च इथेच करायचा. सिमेंट ब्लॉकची सपाट भिंत रॅटलस्नेकला सहसा चढता येत नाही, तो येतो गेटच्या खालून. हे नीट बघायचं तर गेट बंद करा, गुडघ्यावर बसा आणि एक साधी पेन्सिल घेऊन गेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालच्या फटीतून आडवी सरकवत न्या. जिथून ती आरपार सहज जाते तिथून पिल्लूही आत येऊ शकतं, खूण करून ठेवा. बिजागराच्या बाजूला फट कमी आणि कडीच्या बाजूला जास्त असं बऱ्याचदा असतं कारण गेट वजनाने झुकलेलं असतं, तेव्हा आधी गेट उचलून सरळ करून घ्या आणि मगच खाली रबर किंवा पत्र्याची पट्टी मारा. फट पाव इंचाच्या आत आली पाहिजे. व्ह्यू फेन्स असेल, म्हणजे पलीकडचं दिसावं म्हणून लोखंडी गजांची, तर ती सापासाठी उघडा दरवाजाच आहे, तिला खालून तीन फूट उंचीपर्यंत पाव इंची लोखंडी जाळी लावून घ्यायची, दुकानात हार्डवेअर क्लॉथ म्हणून मिळते, आणि खालची कड काही इंच जमिनीत गाडायची नाहीतर खालून जागा करतात. भिंतीतली पाणी जायची भोकं लोक हमखास विसरतात, त्यांनाही जाळी. एचओए, म्हणजे कॉलनीची घरमालक संघटना, असेल तर आधी परवानगीचा मेल टाका, त्यात आठवडे जातात. बाहेर फांद्या किंवा दगड भिंतीला टेकून ठेवू नका, नाहीतर एवढं करून तुम्हीच शिडी लावून दिलीत.

बाजारात सापाला पळवणारी पावडर, गंधक, डांबरगोळ्या, कंप पावणाऱ्या खुंट्या असं बरंच मिळतं, त्यावर पैसे घालवू नका, चालत नाही. तेच पैसे गेटवर घाला. गॅरेजच्या दाराचं रबर उन्हाने तडकतं, ते दर वर्षी बघा, आणि गॅरेज हवा यावी म्हणून हातभर उघडं ठेवायची सवय असेल तर मोडा.

घरातल्या सवयी, ह्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन कारण कुंपण कितीही चांगलं असलं तरी पुढचं दार कुंपणाबाहेरच असतं. डायमंडबॅकला पुढच्या दाराशेजारचा कोपरा फार आवडतो, दोन भिंती, सावली, थंड फरशी. आणि आपण तिथेच चपलांचा ढीग किंवा शू-रॅक ठेवतो, शेजारी तुळशीची कुंडी, तिच्याखाली ओल. शू-रॅक आत घ्या. तुळस ठेवा पण स्टँडवर, खालून स्वच्छ दिसेल अशी. दारातला दिवा रात्री चालू, दार उघडून आधी खाली बघायचं आणि मग पाऊल टाकायचं, लहान मुलांना तर हे रोज म्हणून घ्या. डिलिव्हरीचा बॉक्स दारात पडून राहिला असेल तर आधी पायानेही ढकलू नका, झाडूच्या लांब दांड्याने सरकवा आणि मग उचला. रात्री कचऱ्याचा डबा बाहेर न्यायचा असला तरी बंद बूट आणि हातात टॉर्च, फोनचा लाइट पुरत नाही, चांगला टॉर्च घ्या आणि तो दाराजवळच टांगा. स्लिपर घालून, हातात फोन धरून अंधारात यार्डात जाणं बंद म्हणजे बंद. झुडपात गेलेला बॉल मुलांनी हात घालून काढायचा नाही, मोठ्यांनीही नाही.

आवाजावर विसंबू नका. रॅटल वाजली तर ती स्प्रिंकलर सुरू झाल्यासारखी सलग सळसळ असते आणि एकदा ऐकली की विसरत नाही, पण कितीतरी वेळा साप न वाजवताच गप्प पडून राहतो. आई-बाबांना सांगताना घोणस आणि फुरसं यांची आठवण करून द्या, कोकणातल्या किंवा देशावरच्या माणसाला ते लगेच कळतं, कारण हाही त्याच वायपर कुळातला, आणि त्याहून जवळचा म्हणजे आपला हिरवा चापडा, दोघांनाही डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारी खाच असते.

साप दिसला तर काय, हे आधीच ठरवून फ्रिजवर कागद लावा. थांबायचं, मागे यायचं, मुलं आणि कुत्रा आत, दार बंद. साप साधारण स्वतःच्या लांबीच्या अर्ध्यापर्यंत झेप घेतो, चार फुटी सापासाठी दोन फूट, पण तुम्ही किमान सहा-आठ फूट लांबच राहा आणि लांबूनच नजर ठेवा म्हणजे तो कुठे गेला ते सांगता येतं. बाहेरच्या बाजूला असेल आणि गर्दी केली नाही तर बऱ्याचदा आपला आपणच निघून जातो. बंद यार्डात किंवा गॅरेजमध्ये असेल तर पकडणाऱ्यांना बोलवा. आपल्याकडे सर्पमित्राला फोन करतो तसंच, काही गावांत फायर डिपार्टमेंट येतं, काही ठिकाणी पैसे घेणारी खाजगी सेवा असते, तुमच्या पत्त्याला कोण येतं हे आजच फोन करून विचारून नंबर सेव्ह करा, रात्री दहा वाजता शोधत बसू नका. त्यांना सांगा की जवळच्याच मोकळ्या जागेत सोडा, कारण मैलोनमैल लांब नेऊन सोडलेले साप बहुतेकदा जगत नाहीत. फावडं घेऊन मारायला जाऊ नका. साप मारताना किंवा पकडतानाच बऱ्याच जणांना दंश होतो, तोडलेलं डोकंसुद्धा नंतर चावू शकतं, आणि काही जातींना राज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय समोरचा रॅटलस्नेकच असेल असंही नाही, बिनविषारी गोफर स्नेक डोकं चपटं करून, फुत्कारून, शेपटी हलवून अगदी तसाच आव आणतो, आणि किंगस्नेक तर रॅटलस्नेकच खातो, तो दिसला तर राहू द्या.

कुत्रा असेल तर सीझनआधी सापापासून लांब राहायचं ट्रेनिंग देणारे लोक इथे आहेत, ते करून घ्या, संध्याकाळी फिरवताना पट्टा आखूड धरा, आणि जवळच्या कुठल्या इमर्जन्सी व्हेटकडे अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, असतं ते विचारून ठेवा, सगळ्यांकडे नसतं.

आता दंश झालाच तर. अमेरिकेत दर वर्षी साधारण ७ ते ८ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि मृत्यू होतात साधारण पाच, म्हणजे वेळेत पोचलेला माणूस वाचतो, पण बोट किंवा पाय कायमचा अधू होऊ शकतो म्हणून वेळ महत्त्वाचा. सापापासून लांब व्हा, ९११ लावा, स्वतः गाडी चालवू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. हात-पाय साधारण हृदयाच्या पातळीवर आरामात ठेवा, सूज कुठपर्यंत आलीये तिथे पेनने रेघ आणि शेजारी वेळ. दोरी आवळणं, पट्टी घट्ट गुंडाळणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ, यातलं काहीही नको, आयबुप्रोफेन-ॲस्पिरिन नको. साप पकडून न्यायची गरज नाही, इथे सगळ्या रॅटलस्नेकना तीच औषधं चालतात. विषबाधेचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर देशभर २४ तास चालतो, तो फ्रिजवरच्या कागदावर हवाच.

आई-बाबांच्या बॅगेतलं कुठलंही औषध किंवा ओळखीतून सुचवलेली जडीबुटी इथे उपयोगाची नाही. हाफकिनचं आपल्याकडचं अँटिव्हेनमही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीचं, रॅटलस्नेकवर ते चालत नाही. इथे क्रोफॅब किंवा ॲनाव्हिप ही अँटिव्हेनम देतात, पहिल्याच डोसला क्रोफॅबच्या चार ते सहा किंवा ॲनाव्हिपच्या दहा बाटल्या, एकेक बाटली हजारो डॉलरची, लाख डॉलरच्या वर बिल गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स घेताना स्वस्तातला फिक्स्ड बेनिफिटवाला नको, त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली छोटी रक्कमच मिळते, काँप्रिहेन्सिव्ह घ्या आणि मर्यादा नीट वाचा. पण बिलाच्या भीतीने घरी थांबून बघू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, कधीकधी साप विष न सोडता चावतो हे खरं असलं तरी ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आणि डिस्चार्ज मिळाला की संपलं असं समजू नका, रक्त गोठण्याची क्षमता आणि प्लेटलेट काही दिवसांनी पुन्हा घसरू शकतात. दोन-तीन दिवसांनी आणि मग आठवड्याच्या आत परत, अशा रक्ततपासण्यांच्या अपॉइंटमेंट हॉस्पिटलमधून निघतानाच घ्या, साधारण दोन आठवडे दाताचं काम किंवा कुठलंही ऑपरेशन पुढे ढकला, आणि हिरड्यांतून रक्त किंवा काळे-निळे डाग दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता परत इमर्जन्सीत जा.