पॉलीपोडी फर्न: आधी रायझोम बघा, मग कुंडी निवडा

कॉलेजच्या किंवा संस्थेच्या बागेतल्या फर्नहाउसमध्ये गेलात की एक कोपरा हमखास सापडतो, जिथे दहा-पंधरा कुंड्या असतात, सगळ्यांवर 'पॉलीपोडियम, जात अज्ञात' अशी पुसट पाटी असते आणि निम्म्या कुंड्यांमध्ये बाशिंग, म्हणजे आपल्याकडचा एक नेचा, मातीत गळ्यापर्यंत पुरलेलं असतं. ओळख पटलेली नाही आणि झाडही धड वाढत नाही, हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात पण कारण बहुतेक वेळा एकच असतं, की पानांकडे सगळ्यांनी बघितलेलं असतं आणि रायझोमकडे, म्हणजे त्या आडव्या सरपटत्या खोडाकडे, कोणीच बघितलेलं नसतं. पॉलीपोडियमच्या या कुळात जात ओळखायची खूण तिथेच असते आणि झाडाला काय हवंय तेही तिथेच कळतं.

आधी कुळाचं बघू. लिनियसने १७५३ मध्ये पॉलीपोडियम हे नाव दिलं तेव्हा पानामागे बीजाणूंचे गोल ठिपके असलेला जवळपास कुठलाही नेचा त्यात टाकला होता, आपलं बाशिंगसुद्धा त्याच्याकडे पॉलीपोडियम क्वेर्सिफोलियमच होतं. पुढे लंडनच्या क्यू गार्डनमध्ये जॉन स्मिथ नावाचा माणूस फर्न सांभाळायचा, १८४१ मध्ये तो तिथला क्युरेटर झाला, आणि रोज जिवंत झाडं हाताळत असल्यामुळे त्याने शिरांची जाळी कशी आहे, पान रायझोमवरून कसं गळतं, अशा गोष्टींवरून वेगळ्या प्रजाती (म्हणजे जीनस, जातींचे गट) पाडल्या. ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया हे बाशिंगाचं नाव त्याचंच. मला हे फार आवडतं, कारण नुसत्या वाळक्या नमुन्यांवर बसून हे इतकं सहज दिसलं नसतं. आता पीपीजी या फर्नतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१६ च्या वर्गीकरणात या कुळात ६५ प्रजाती आणि साधारण १६५० जाती धरल्यात, आणि खरं पॉलीपोडियम हा त्यातला एक छोटा तुकडा उरलाय, तोही मुख्यतः उत्तरेकडच्या थंड देशांतला. म्हणजे आपल्याकडच्या गरम भागातल्या फर्नहाउसमध्ये 'पॉलीपोडियम' लिहिलेली पाटी दिसली की ती जुनी किंवा चुकीची असण्याचीच शक्यता जास्त.

ओळखायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक चिमटा आणि शक्य असेल तर कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप, एवढं पुरतं. पहिली गोष्ट, पान उलटं करा आणि मागचे ठिपके बघा. या कुळात ठिपक्यावर पापुद्र्याचं झाकण नसतं, अगदी कोवळ्या पानावरही नसतं. बोस्टन फर्नच्या ठिपक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचं झाकण असतं म्हणजे तो इथला नाही, बर्ड्स नेस्टच्या पानामागे तिरप्या लांब रेघा असतात म्हणजे तोही नाही. नर्सरीत बर्ड्स नेस्टच्या शेजारीच क्रोकोडाइल फर्न ठेवलेला असतो आणि दोन्ही एकाच नावाने विकले जातात, पण त्याच्या मागे बारीक ठिपके विखुरलेले असतात, तो आपल्या कुळातला मायक्रोसोरम.

दुसरी गोष्ट, जुनं पान हलकेच खाली ओढा. या कुळातल्या बहुतेकांचं पान सांध्यावर स्वच्छ सुटतं आणि रायझोमवर छोटा गोल वण राहतो, ओढून फाटलं तर शंका घ्या. तिसरी गोष्ट, पान उजेडासमोर धरून शिरा बघा, आपल्याकडच्या बहुतेक जातींत शिरांची जाळी असते. आणि चौथी, जी लोक टाळतात, ती म्हणजे रायझोमच्या वाढत्या टोकावरचे खवले. चिमट्याने एक खवला काढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि बघा. लेपिसोरसच्या खवल्यात पेशींच्या भिंती जाड काळपट आणि मधली जागा पारदर्शक, म्हणजे रंगीत काच बसवलेल्या खिडकीसारखं दिसतं. बाशिंगाचे खवले लांब तपकिरी असतात आणि इतके दाट की रायझोमवर लोकर चढल्यासारखी वाटते. जुन्या भागावरचे खवले झिजलेले असतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका, टोकाचेच घ्या.

आता सह्याद्रीतले नेहमी भेटणारे. बाशिंगाला दोन प्रकारची पानं असतात, बुडाशी देठ नसलेली तपकिरी कडक पानं, जी पालापाचोळा अडवून ठेवतात, आणि वर उंच हिरवी कापलेली पानं ज्यांच्यावर बीजाणू येतात. उन्हाळ्यात हिरवे भाग गळून मधला दांडा तसाच उभा राहतो, बुडाची पानं मात्र जागची हलत नाहीत. मायक्रोसोरम मेंब्रेनेसियम, ज्याला आता बॉसमेनिया मेंब्रेनेसिया असंही लिहितात, महाबळेश्वरकडे पावसात झाडांवर आणि दगडांवर दिसतो, पान रुंद, पातळ, जवळजवळ पारदर्शक आणि रायझोम जाडजूड. लेपिसोरस न्यूडसची पानं अरुंद साधी आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची एकेक रांग. पायरोसियाचं पान जाड मांसल आणि खालून लव, भिंगातून ती लव चांदणीच्या आकाराची दिसते, हे एकदा बघितलं की विसरत नाही. ओढ्यातल्या ओल्या दगडांवरचा लेप्टोकायलस टेरोपस तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असेल, अ‍ॅक्वेरियमवाले त्याला जावा फर्न म्हणतात.

आता याचा लागवडीशी संबंध काय? रायझोम जाड आणि लोकरीने मढलेला किंवा मांसल असेल तर झाड पाणी साठवून कोरडा काळ काढणारं आहे, त्याला वर्षभर ओलं ठेवलंत तर ते कुजणार. रायझोम बारीक आणि लांब सरपटणारा असेल तर त्याला पसरायला जागा हवी, खोल कुंडी नको. पान मांसल आणि लवदार असेल तर ते जास्त उजेड आणि वारा सोसतं, पायरोसियातल्या काही जाती तर निवडुंगासारख्या रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात. पान पातळ असेल तर हवेत दमटपणा पाहिजेच. म्हणजे पाटी लिहिता लिहिताच झाड कुठे टांगायचं ते अर्धं ठरलेलं असतं.

पाटीबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण बागा इथेच मार खातात. नावं बदलत राहणार, बाशिंग कुठे ड्रायनेरिया म्हणून लिहिलेलं दिसेल तर कुठे अ‍ॅग्लाओमॉर्फा म्हणून, त्यामुळे पाटीवर नावापेक्षा महत्त्वाचा असतो नोंदणी क्रमांक. साल आणि अनुक्रमांक असा साधा नंबर द्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून लिहा आणि पट्टी कुंडीला नाही, रायझोमजवळ तारेने अडकवा, कारण कुंड्या बदलतात आणि पाट्यांची अदलाबदल होते. रजिस्टरमध्ये झाड कुठून आलं ते लिहा. बागांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला एकेक अक्षर आहे, डब्ल्यू म्हणजे थेट रानातून, झेड म्हणजे रानातल्या झाडापासून बागेत वाढवलेलं, जी म्हणजे लागवडीतलंच, रानातल्या मुळाचं नसलेलं, यू म्हणजे माहीत नाही. यू लिहायला लाजू नका, खोटं गाव लिहिण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. रानातून आणणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, अभयारण्यात तर हातच लावायचा नाही. वादळात पडलेल्या फांदीवरचे तुकडे मिळतात का ते विचारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आणि प्रत्येक नोंदीचा एक वाळवलेला नमुना ठेवा, त्यात बीजाणू असलेलं पान आणि रायझोमचं टोक दोन्ही हवं. नुसतं पान दाबून ठेवलेले नमुने मी इतके पाहिलेत की आता वैताग येतो, खवलेच नाहीत तर पुढचा माणूस ओळखणार कशावरून?

लावायची पद्धत. सगळ्यात सोपं म्हणजे खरखरीत सालीचा ओंडका, आंबा किंवा जांभूळ चालतं, किंवा नारळाचं सोडण. सोडण आधी तीन-चार वेळा पाणी बदलून भिजवा, त्यात क्षार असतात आणि फर्नला ते सोसत नाहीत. ओंडक्यावर थोडं शेवाळ किंवा सोडणाच्या काथ्याचा पातळ थर, त्यावर रायझोम आडवा, वाढतं टोक मोकळं, आणि तंगुसाने तीन ठिकाणी बांधायचं. घट्ट हवं, हललं तर नवीन मुळं तुटतात. मुळांनी पकड घेतली की तंगूस कापून टाका, नाहीतर तो रायझोममध्ये रुततो. ट्री फर्नच्या खोडाच्या फळ्या कोणी विकायला आणल्या तर घेऊ नका, सायथियाचा, म्हणजे या ट्री फर्नचा, व्यापार साइट्स या धोक्यातल्या जातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

कुंडीच हवी असेल तर उथळ घ्या, खालून-बाजूने भोकं असलेली. मिश्रण सोडणाचे तुकडे दोन भाग, विटांचे रोडे एक भाग, लाकडी कोळसा अर्धा भाग आणि वरून चाळलेला कुजका पाला मूठभर. माती नको. अगदी नको. माळीकाका सवयीने माती घालतातच, म्हणून पहिल्या वेळी शेजारी उभे राहा. रायझोम मिश्रणावर ठेवायचा आणि तारेच्या वाकवलेल्या पिनेने दाबायचा, वरून झाकायचा नाही, बास. फोड करून लावायची असेल तर जूनचा पहिला पाऊस पडल्यावर करा, तुकडा किमान ८ ते १० सेंमी, त्याला वाढतं टोक आणि दोन-तीन पानं हवीत, टोक नसलेला तुकडा महिनोन्महिने तसाच पडून राहतो आणि मग कोणीतरी तो मेला म्हणून फेकतं.

उजेडाला ५० ते ७५ टक्क्यांचं शेडनेट, पायरोसिया आणि बाशिंग कडेला, पातळ पानांचे आत. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं, बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरी पुटं बसतात आणि मग ठिपकेसुद्धा नीट दिसत नाहीत. जून ते सप्टेंबर फर्नहाउसचं छप्पर उघडता आलं तर उघडाच, पाऊस सरळ पडू द्या. ऑक्टोबरपासून बाशिंग आणि बॉसमेनियाचं पाणी कमी करत आणायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की आठ-दहा दिवसांतून एकदा फवारा एवढंच. इथेच सगळे घाबरतात, झाड वाळतंय म्हणून पाणी वाढवतात आणि फेब्रुवारीपर्यंत रायझोम मऊ पडतो. पाटीवर 'विश्रांतीत आहे' असं लिहून टाका, बघायला येणारेही तक्रार करत नाहीत. बाशिंगाच्या बुडाची तपकिरी पानं कधीच साफ करायची नाहीत, तीच त्याची खताची टोपली आहे, त्यात थोडा पाला टाकला तर वेगळं खत लागतही नाही. बाकीच्यांना पावसाळ्यात महिन्यातून दोनदा, लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याचं पातळ खत.

बीजाणूपासून वाढवायचं असेल तर ठिपके पिवळे ते फिकट तपकिरी असताना पान तोडा. गडद तपकिरी आणि विस्कटलेले दिसले तर बीजाणू उडून गेलेत, उरलीय ती रिकामी टरफलं. पान कागदी पाकिटात ठेवा, दोन दिवसांत पिवळी धूळ खाली पडते. कागद हलका तिरपा करून टिचकी मारली की हलका कचरा आधी घसरतो आणि बीजाणू मागे राहतात. डब्यात चाळलेलं कोकोपीट आणि बारीक विटकर, त्यावर उकळतं पाणी, झाकण लावून थंड होऊ द्या, मग अगदी विरळ शिंपडा. थेट ऊन नको. काही आठवड्यांत हिरवा थर येतो, पुढे त्याचे छोटे बदामाच्या आकाराचे पापुद्रे होतात, त्यांच्यावर पाण्याचा सूक्ष्म थर असल्याशिवाय फलन होत नाही, म्हणून अधूनमधून उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा. लावण्याजोगी रोपं व्हायला सहा महिने ते वर्ष धरा. एका डब्यात एकच नोंदणी क्रमांक, आणि पेरणी फर्नहाउसमध्ये करू नका, तिथल्या हवेत शेजाऱ्यांचे बीजाणू असतातच, शेवटी उगवतं भलतंच आणि पाटी लागते दुर्मिळ जातीची.

परदेशात राहणाऱ्यांसाठी खरं पॉलीपोडियम. ब्रिटन-आयर्लंडमध्ये तीन जाती मिळतात, कॅम्ब्रिकम, वल्गेर आणि इंटरजेक्टम, क्रोमोसोम अनुक्रमे ७४, १४८ आणि २२२, आणि तिसरी ही पहिल्या दोघींच्या संकरातून क्रोमोसोम दुप्पट होऊन झालेली. पानावरून फसायला होतं कारण यांचे आपसातले संकरही रानात असतात. मायक्रोस्कोपखाली बीजाणूच निरुपयोगी, सुरकुतलेले दिसले तर संकर समजा. कॅम्ब्रिकमच्या ठिपक्यांत बीजाणूंच्या पिशव्यांमध्ये-मध्ये फांद्या फुटलेले केस असतात, ते दिसले की प्रश्न मिटतो. नवीन पानं कधी येतात तेही बघा, वल्गेरला उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कॅम्ब्रिकमला उन्हाळा संपताना. कॅम्ब्रिकमला चुनखडीची भिंत आवडते, वल्गेरला आम्ल जागा.

कीड. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण येतात, गोगलगायी कोवळी टोकं खातात. पण फवारणीआधी भिंग घ्या, कारण पानामागचे ठिपके कीड समजून घासून काढणारे दरवर्षी भेटतात. ठिपके शिरांच्या हिशोबाने ओळीत असतात आणि फक्त पानाच्या खालच्या बाजूला, खवले कीड देठावर, वरच्या बाजूला, कुठेही आणि वाकडीतिकडी बसते, नखाने उचकटली की अख्खी निघते आणि खाली ओलसर डाग राहतो. खरंच कीड असेल तर जुन्या टूथब्रशने घासा किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपा. कडुनिंबाचं तेल, साबण वगैरे फर्नच्या पानांना जाळू शकतं, वापरायचंच असेल तर एका जुन्या पानावर लावून आठवडाभर थांबा, आणि नवीन आणलेलं झाड महिनाभर फर्नहाउसच्या बाहेर वेगळं ठेवा.