जेट विमानाचं मॉडेल बांधताना या चुका टाळा

जेटच्या प्लास्टिक मॉडेलमधले दोष उशिरा उघडे पडतात. करड्या रंगाचा पहिला हात बसला की पाठीवरचा सांधा उठून दिसतो. डिकल (खुणा आणि आकड्यांची पातळ चित्रं) वाळले की त्यांच्याखाली चंदेरी झाक येते. सगळं संपवून चाकांवर उभं करावं, तर विमान शेपटीवर बसतं. रंग खरवडायला घेण्याआधी दोन-तीन पायऱ्या मागे जाऊन पाहा. मूळ बहुतेक वेळा तिथे सापडतं. म्हणून खाली प्रत्येक दोषासोबत तो कुठून सुरू होतो तेही सांगितलं आहे.

विमान शेपटीवर बसतं

जेटचं इंजिन मागे, पंख मागे आणि मुख्य चाकं साधारण मध्यावर. खऱ्या विमानाच्या नाकात रडार आणि इतर जड सामान असतं, आपल्या मॉडेलच्या नाकात नुसती हवा असते. सूचनापत्रिकेत नाकात अमुक ग्रॅम वजन घाला असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि तेच नजरेतून निसटतं. कधी पत्रिकेत आकडाच नसतो.

आकडा असो वा नसो, मी एक चाचणी करतो. धडाचे दोन्ही भाग चिकटवायच्या आधी टेपने जोडायचे. पंख, शेपटी, नोझल, सगळं टेपनेच लावायचं. मग मुख्य चाकांच्या जागी खाली आडवी पेन्सिल धरायची आणि नाक खाली झुकेपर्यंत नाकावर वजन ठेवत जायचं. झुकलं की त्यात थोडी भर घालायची, कारण रंग आणि मागच्या बाजूचे बारीक भाग अजून यायचे असतात. वजन नाकाच्या टोकाकडे जितकं पुढे, तितकं कमी पुरतं. मिग-२१ च्या नाकात इंजिनाला हवा घेणारं तोंड आहे, तिथे जागा कमी. मधल्या शंकूच्या पोकळीत आणि कॉकपिटच्या तळाखाली वजन वाटून घालावं लागतं. अति वजनही नको, पुढच्या चाकाचा बारीक पाय वाकतो.

मासेमारीच्या गळाला लावायची शिशाची वजनं यासाठी सोयीची, पण ती पांढऱ्या गोंदात बसवू नका. त्या गोंदातल्या आम्लाशी शिशाची हळूहळू प्रक्रिया होते, शिसं फुगतं आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा उकलतो. इपॉक्सी वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि ते कानशीने घासू नका.

मॉडेल पूर्ण झालंय आणि शेपटीवर बसतंय? पुढच्या चाकाच्या खाचेत आतून छोटं भोक पाडून तिथून बारीक छर्रे आणि इपॉक्सी आत सोडता येतं. तेही जमत नसेल तर मॉडेल तळपाटावर चिकटवून टाका.

सांधा रंगातून वर येतो

इथे वेळ द्या, कारण आधुनिक जेटचा रंग सांधा लपवत नाही. अमेरिकी नौदलाच्या एफ/ए-१८ वर एफएस (अमेरिकी सरकारी रंगक्रमांक) ३६३२० आणि ३६३७५ हे दोन करडे असतात. दोघांत फरक इतका कमी की नजर रंगावर न थांबता सरळ रेघांवर जाते.

पहिली चूक म्हणजे भाग कोरडे जुळवून न पाहता ग्लू लावणं. स्प्रूपासून (भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीपासून) भाग तोडताना निपर भागाला चिकटवून कापला की प्लास्टिक पांढरं पडतं किंवा टवका निघतो. आधी लांबून कापा, उरलेला खुंट पातीने काढा, मग घासा. पॉलिस्टायरिनसाठीचा पातळ ग्लू प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे भाग दाबल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर यायला हवा. तो वाळल्यावर घासला की पुटीची (फटी भरायच्या लेपाची) गरज फार कमी पडते.

दुसरी चूक घाईची. पुटी वाळताना आकसते. आज लावून आजच घासली, तर रंगाखाली नंतर खळगा पडतो. किमान एक दिवस थांबा. मग त्या जागी प्राइमरचा पातळ हात द्या आणि दिवा तिरका धरून पाहा. सांधा अजून दिसला तर पुन्हा पुटी, पुन्हा घासणं, पुन्हा प्राइमर. मला यात कंटाळा येत नाही. मॉडेल चांगलं होणार की नाही ते इथेच ठरतं.

हवेच्या तोंडाच्या आतला सांधा आणि साच्यातल्या पिनांचे गोल खड्डे मात्र सगळ्यांना छळतात. अनेक अमेरिकी जेटच्या हवेच्या मार्गाचा आतला भाग पांढरा असतो, त्यात सगळं दिसतं. दोन्ही भाग जोडून, लांब काडीला सँडपेपर गुंडाळून घासा आणि पातळ पांढरा रंग आत ओतून फिरवून काढून टाका. अगदीच पोहोचता येत नसेल तर तोंडावर लाल झाकण लावा. उभ्या असलेल्या खऱ्या विमानांवरही अशी झाकणं असतात.

पंखांचा कोन

एफ-४ फँटमच्या पंखांची बाहेरची टोकं १२ अंश वर वळलेली असतात आणि मागचे आडवे पंख सुमारे २३ अंश खाली. हे कोन चुकले तर रंग कितीही सुरेख असो, ते विमान फँटम वाटत नाही. समोरून काढलेल्या चित्रावरून पुठ्ठ्याचा साचा कापा आणि ग्लू वाळेपर्यंत विमान त्यात बसवून ठेवा.

कॅनोपी धुरकट होते

सुपरग्लूच्या वाफा कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणाच्या, पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट थर धरतात. कॉकपिटमध्ये सुपरग्लू वापरला असेल तर तो पूर्ण वाळेपर्यंत कॅनोपी बंद करू नका, आणि कॅनोपी चिकटवायला पांढरा गोंदच घ्या. एफ-१६ सारख्या फुगीर कॅनोपीवर साच्याची रेघ मधोमध येते. ती २००० पासून चढत्या नंबरच्या कागदाने ओली घासून, शेवटी पॉलिशने काढता येते. मधे कॅनोपी पूर्ण दुधी होते. तेव्हा घाबरून थांबू नका, पुढच्या कागदाला ती उजळू लागते.

रंग

भाग न धुता रंगवले तर साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट थरावर रंग बसत नाही आणि मास्किंग टेपबरोबर निघून येतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आला तर रंग जाड आहे किंवा एअरब्रश फार लांब धरलाय. रंग दुधाइतका पातळ करा, दाब १५ ते २० पीएसआय ठेवा, आधी टाकाऊ प्लास्टिकवर मारून पाहा. थिनर आणि स्प्रेचं काम मास्क लावून, खिडकी उघडी ठेवूनच.

डिकलखालची चंदेरी झाक

मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर डिकल लावला की खाली हवा अडकते आणि तीच चमकते. म्हणून डिकलच्या आधी ग्लॉस क्लिअर कोट (चकचकीत पारदर्शक थर) हवाच. अमेरिकी एफएस क्रमांकाचा पहिला आकडा चकाकी सांगतो: १ म्हणजे ग्लॉस, २ सेमी-ग्लॉस, ३ मॅट. म्हणजे ३६३७५ चा रंग डब्यातूनच मॅट येतो. तो ग्लॉस करून डिकल लावायचे आणि शेवटी पुन्हा मॅट करायचा.

झाक आलीच असेल तर बारीक सुईने डिकलला टोचे मारा, त्यावर डिकल मऊ करणारं सोल्यूशन सोडा आणि वाळू द्या. दोन-तीनदा करावं लागतं. डिकल तेव्हा सुरकुततो. त्याला हात लावू नका, वाळताना तो स्वतःच ताणला जातो.

पॅनेल लाइन आणि वॉश

पॅनेल लाइन म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांची रेघ. १:७२ प्रमाणाच्या मॉडेलवर ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरहून रुंद फट. ती काळ्याकुट्ट वॉशने (रेघांत मुरणाऱ्या अगदी पातळ रंगाने) भरली की विमान फरशी बसवल्यासारखं दिसतं. मूळ रंगाहून थोडा गडद करडा घ्या.

वॉश ओतूही नका. एका मॉडेलच्या चाकांच्या खाचेत मी इनॅमल वॉश भरपूर सोडला होता. दुसऱ्या दिवशी पंखाच्या मुळाशी तडा होता. थिनर ताण असलेल्या सांध्यात मुरला आणि उघडं प्लास्टिक ठिसूळ झालं. तेव्हापासून खाचांना आतूनही क्लिअर कोट देतो आणि वॉश ब्रशच्या टोकाने, थेंबाथेंबाने लावतो.

पिटो ट्यूब (हवेचा वेग मोजणारी बारीक नळी), अँटेना आणि चाकांची दारं या सगळ्यानंतर लावा. आधी लावलेली पिटो ट्यूब मास्किंग करताना हमखास मोडते. मोडलीच, तर तिच्या जागी बारीक भोक पाडून इंजेक्शनच्या सुईचा तुकडा बसवा. तो मूळ प्लास्टिकपेक्षा सरळ आणि बारीक दिसतो.