उपाय सिद्ध झालेला, तरी फळ नाही? आरोग्याच्या योजना राबवताना या चुका टाळा

जिल्ह्याच्या आराखड्यात किंवा संस्थेच्या प्रस्तावात हल्ली एक वाक्य हमखास असतं: 'हा उपाय अभ्यासातून सिद्ध झालेला आहे.' असा आग्रह वाढतोय ही चांगलीच गोष्ट आहे. पण तोच उपाय आपल्या तालुक्यात आणला की बालमृत्यू जिथल्या तिथे, असंही घडतं. मग खापर उपायावर फुटतं आणि निधी दुसरीकडे वळतो. खरं तर मूळ ठिकाणी तो उपाय कशाच्या जोरावर चालला, हेच कुणी नीट पाहिलेलं नसतं. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

नाव उचललं, गाभा मागे राहिला

गडचिरोलीचं उदाहरण आपल्या घरचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990च्या दशकात 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली. सुरुवातीला प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे 62 बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा 26च्या आत आला. तुलनेच्या गावांत फरक पडला नाही. 1999 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि 2011 पासून देशभरातल्या आशा ताई नवजात बाळांच्या घरी भेटी देऊ लागल्या.

आता बारकाईने बघा. गडचिरोलीत आरोग्यदूत म्हणून निवडलेली बाई त्याच गावची होती. ती शक्यतो बाळंतपणाच्या वेळीच हजर असायची. बाळाचं वजन करायची, अंग गार पडलंय का बघायची, श्वास मोजायची. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अशी लक्षणं जुळली की जंतुसंसर्ग ओळखून, घरच्यांच्या संमतीने, जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन ती स्वतः द्यायची. शिवाय दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येऊन तिचं काम तपासायचा.

देशपातळीवर दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट ठरली. वेळापत्रक गेलं, अर्ज गेला. उपचाराचं काम मात्र आशाकडे आलं नाही, ती बाळाला पुढे पाठवते. यामागे कारणं आहेत, सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, आणि आता बाळंतपणं दवाखान्यात होतात हेही खरं. पण मग हिशेबही बदलायला हवा. इंजेक्शन दारात मिळणार नसेल, तर आशाने चिठ्ठी दिल्यापासून बाळाला पहिला डोस मिळेपर्यंत किती तास जातात, गाडी मिळते का, रात्री दवाखान्यात कोण असतं, यावर सगळं अवलंबून राहतं. 'सहा भेटी पूर्ण' या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही. कुठलाही प्रयोग उचलण्याआधी त्याचे भाग एकेक करून कागदावर मांडा. आपण कोणता भाग गाळतोय आणि त्याची जागा कशाने भरतोय, ते समोर लिहा. समोर काही लिहिता येत नसेल तर मूळ आकड्याची अपेक्षा धरू नका.

लोक येत नाहीत म्हणजे त्यांना कळत नाही, असं धरणं

हा समज फार चिवट आहे. लसीकरण कमी? जनजागृती करा. मुलांना अतिसार? पोस्टर लावा.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेबरोबर झालेल्या अभ्यासात 134 गावं होती. नेहमीची सरकारी सोय असलेल्या गावांत 1 ते 3 वर्षांची जेमतेम 6 टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली होती. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता शिबिर भरवलं, तिथे हे प्रमाण 18 टक्के झालं. काही गावांत शिबिराबरोबर दर लशीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लशी झाल्या की ताटांचा संच दिला. तिथे 39 टक्के. आयांचा लशीला विरोध असता तर डाळीने एवढा फरक पडला नसता. त्यांचं 'पुढच्या महिन्यात बघू' चाललं होतं, कारण मागे कधीतरी पायपीट करून गेल्या तर नर्सच नव्हती. आणि डाळ देऊन खर्च वाढला असेल असं वाटतं, तेही उलटं निघालं: एका मुलाचं लसीकरण पूर्ण करायचा सरासरी खर्च जवळपास निम्म्यावर आला, कारण शिबिराच्या दिवसाचा पगार आणि प्रवास तेवढाच राहिला, मुलं मात्र जास्त आली.

अर्थात 39 म्हणजे 61 टक्के मुलं बाकीच राहिली. डाळ वाटली की काम फत्ते, असा अर्थ यातून काढू नका.

याच पठडीतला दुसरा समज, 'फुकट दिलं की लोक किंमत ठेवत नाहीत'. केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या वेगवेगळ्या दराने देऊन हे तपासलं गेलं. फुकटऐवजी अर्ध्या डॉलरपेक्षा थोडी जास्त किंमत लावली, तर घेणाऱ्यांचं प्रमाण 60 टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभरात साठ जणींनी, घसरलं. ज्यांनी पैसे मोजले त्या मच्छरदाणी जास्त वापरत होत्या, असंही दिसलं नाही.

ओआरएसची गोष्ट तर जीव तुटावा अशी. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं द्रावण पाजलं आणि 30 टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आणलं. इतकं स्वस्त औषध, आणि आजही जुलाब झालेल्या कितीतरी मुलांना ते मिळत नाही. कर्नाटक आणि बिहारमधल्या खासगी डॉक्टरांवर झालेला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की डॉक्टरांना ओआरएस माहीत असतं, पण 'लोकांना ते नको, औषध हवं' असं त्यांनी धरलेलं असतं. पालकांनी आपणहून ओआरएसला पसंती दाखवली की ते लिहून देण्याचं प्रमाण बरंच वाढलं. इथे डॉक्टरांचं आणखी एक प्रशिक्षण घेऊन काय हाती लागणार? खर्च करायचा तर आयांनी दवाखान्यात 'ओआरएस द्या' असं स्वतः म्हणावं, यासाठी करायला हवा.

मोजायला सोपं तेवढंच मोजणं

दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्या बाईला रोख मदत देणारी जननी सुरक्षा योजना 2005ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दवाखान्यातली बाळंतपणं 2005-06 मधल्या 39 टक्क्यांवरून 2015-16 मध्ये 79 टक्क्यांवर गेली. मोठी झेप आहे. त्याच काळात नवजात मृत्युदर हजारी 39 वरून सुमारे 30 झाला. घट झालीच, पण दवाखान्यातली बाळंतपणं दुप्पट झाली त्या मानाने नाही.

दार ओलांडल्यावर आत काय मिळतं, हा पुढचा प्रश्न. उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी आणि सोबत प्रशिक्षक देऊन पाहिलं. दोन महिन्यांनी तिथले कर्मचारी 73 टक्के आवश्यक गोष्टी करत होते, उरलेल्या केंद्रांत 42 टक्के. तरीही माता आणि बाळांच्या मृत्यूत फरक पडला नाही. अडलेल्या बाईसाठी रक्त, सिझेरियनची सोय, कमी वजनाच्या बाळासाठी ऊब आणि प्राणवायू हे यादीवर खूण केल्याने येत नाही. म्हणून अहवालात हात धुतल्याचा रकाना जरूर ठेवा, पण शेजारी 'त्या महिन्यात जिवंत घरी गेलेली बाळं' हा रकाना नसेल तर तो अहवाल अपुरा आहे.

हजेरीचं यंत्र लावून मोकळं होणं

पुन्हा उदयपूर. नर्सनी ठरल्या दिवशी उपकेंद्रात यावं म्हणून वेळेचे शिक्के मारणारी यंत्रं दिली, गैरहजेरीला पगारकपात ठेवली. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली. सुमारे 16 महिन्यांनी फरक शून्य. यंत्रं चालूच होती. वरिष्ठांनी 'सूट दिलेले दिवस' वाढवत नेले आणि कपात नावापुरती उरली. यंत्राची निविदा काढण्याआधी सूट कोण देणार आणि दिलेल्या सवलतीची नोंद कोण तपासणार, हे ठरवा.

एका जिल्ह्याचा निकाल सगळ्या राज्याला लावणं

अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात 60 गावांत शौचालय मोहिमेचा अभ्यास झाला आणि मोहीम राबवलेल्या गावांत मुलांची उंची सरासरीने वाढल्याचं दिसलं. ओडिशातल्या पुरीत 100 गावांच्या अभ्यासात मोहिमेच्या गावांत शौचालय असलेली घरं 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेली, पण जुलाब कमी झाले नाहीत, कारण बांधणं आणि सगळ्यांनी वापरणं यात मोठं अंतर राहिलं.

अहमदनगरच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो अभ्यास मुळात तीन जिल्ह्यांत व्हायचा होता: अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार. बाकी दोन जिल्ह्यांत मोहीम प्रत्यक्षात राबवलीच गेली नाही, त्यामुळे तिथून निकालच आला नाही. म्हणजे जो आकडा आपण पुढे करतो, तो जिथे यंत्रणा हलली तिथलाच आहे. नंदुरबारमध्ये तीच मोहीम नेताना उंचीचा आकडा घेऊन जाण्यात अर्थ नाही. गटविकास अधिकाऱ्याची जागा भरलेली आहे का, पाड्यावर पाणी पोचतं का, मोहिमेचे पैसे गावापर्यंत कधी येतात, हे आधी बघावं लागेल. पथदर्शी प्रकल्प घ्यायचाच असेल तर त्यात सगळ्यात अवघड तालुका पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि काम संस्थेच्या खास माणसांकडून न करवता खात्याच्याच कर्मचाऱ्यांकडून करून घ्या, म्हणजे पुढे तेच काम कोण करणार हा प्रश्न शेवटच्या हप्त्यानंतर उभा राहणार नाही.