चिमणी चालू आणि धूर घरात: ओढ कमी झाली तर काय काय बघायचं

सांगलीत मी चिमणी, गिझर, मिक्सर दुरुस्त करतो. भडंगाची फोडणी पडली की हॉलमध्ये बसलेल्यांनाही ठसका लागतो, चिमणी मात्र घरघर करत चालूच असते, अशी तक्रार आली की निदान बहुतेक वेळा फोन करणाराच सांगून टाकतो, "मोटर गेली असणार." आवाज नेहमीसारखा येतोय म्हणजे मोटर फिरतीय. ओढ कमी व्हायचं कारण बहुतेकदा हवेच्या वाटेवर कुठंतरी बसलेलं असतं, आणि ती वाट घराबाहेर संपते. तिथपर्यंत बघायला कुणी जात नाही.

सुरुवात खिडकीपासून करा. विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलला एसी, सगळ्या स्लायडिंग बंद, दाराखाली पट्टीसुद्धा. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी आत यायला नको का? तोंड बंद केलेल्या बाटलीतून हवा ओढल्यासारखं होतं ते. हॉलची किंवा समोरची खिडकी चार बोटं उघडा आणि फरक बघा. शेगडीशेजारची उघडू नका, तो वारा धूर चिमणीपर्यंत पोचूच देत नाही. आणि स्वयंपाकघरातला पंखा बंद ठेवा. वर पंखा गरगरतोय आणि खाली चिमणीला शिव्या, असं पुष्कळ घरांत चालतं.

मग कागद. शेगडी बंद करून चिमणी मोठ्या स्पीडला लावा आणि वर्तमानपत्राचा एक तुकडा फिल्टरला लावून सोडा. चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे, आणि चिमणी शेगडीपासून फार वर लावलीय का तेवढं मोजा. साधारण 26 ते 30 इंच अंतर चालतं, तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत असतो. तीन-चार बर्नरच्या शेगडीवर 60 सेंटीमीटरची चिमणी असेल तर कडेच्या बर्नरचा धूर निसटणारच, तिथं दुरुस्ती करण्यासारखं काही नाही.

कागद गळून पडला तर चिमणी बंद करून पिन काढा, फिल्टर उतरवा आणि उजेडाकडे धरून बघा. जाळीतून पलीकडचं दिसत नसेल, किंवा पट्ट्यांचा फिल्टर असून पट्ट्यांवर चिकट थर बसला असेल, तर काम तिथंच आहे. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्यांचा (बॅफल) फिल्टर असेल तर घमेल्यात कढत पाणी, दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड घालून अर्धा तास बुडवा, मग ब्रशनं घासा. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नका, काळी पडते. नुसतं लिक्विड आणि गरम पाणी पुरे. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. आमच्याकडं शेंगदाण्याचं तेल आणि कांदा-लसूण मसाला हे दोन्ही रोजचे, त्यामुळं पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नका. बोट फिरवून चिकट लागलं की धुवायचं.

ऑटोक्लीनवर लोकांचा भारी विश्वास. बटण दाबलं की आतलं तेल तापून पातळ होतं आणि वाटीत उतरतं, एवढंच ते. पाईप त्यानं साफ होत नाही. मसाल्याची पूड बसून घट्ट झालेला थरही निघत नाही. फिल्टरलेस चिमणीत तर सगळं तेल थेट ब्लोअरवर, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्यावर जातं. त्याच्या गोल पिंजऱ्याला बारीक पाती असतात, प्रत्येक पातं थोडं खोलगट असतं आणि त्या खोलीतच हवा धरली जाते. तिथं तेलाचा तपकिरी डिंक बसला की पातं सपाट होतं. पंखा तेवढ्याच जोरात फिरतो, आवाज तोच, पण हवा हलत नाही. हा पिंजरा उतरवून धुवायचं काम माहीतगाराकडूनच करून घ्या, वेडावाकडा बसला तर चिमणी थरथरायला लागते.

आता खरी परीक्षा. पिन काढलेलीच असू द्या. वरचा स्टीलचा डबा काढला की चिमणीच्या डोक्यावर पाईप जोडलेली कॉलर दिसते. तिथून पाईप सोडवा, पिन लावून चिमणी चालू करा आणि कॉलरच्या वर हात धरा, आत नको. हवा जोरात लागली तर चिमणी निर्दोष, दोष पाईपात. हवा इथंच मंद असेल तर दोष खाली, चिमणीतच. या एका तपासणीनं मोटर बदलायचा खर्च वाचतो, म्हणून ती करायला लावल्याशिवाय मी मोटरबद्दल बोलतच नाही. कॉलरमध्ये प्लॅस्टिकची झडप असते. ती बोटानं सहज हलली पाहिजे. कधी तेलानं चिकटलेली असते, कधी कारखान्यातून आलेली चिकटपट्टी तशीच राहिलेली असते.

पाईपाचं बोलायचं तर घडीचा अ‍ॅल्युमिनियम पाईप लागेल तेवढाच आणि ताणून लावायला हवा. बसवणारे उरलेला पाईप "असू दे, पुढं लागला तर" म्हणून फॉल्स सीलिंगवर वेटोळं करून ठेवतात. प्रत्येक वळणावर ओढ मरते आणि खोलगट भागात तेल साठतं. गावभागातल्या जुन्या वाड्यांत वेगळीच गंमत. भिंत दीड-दोन फुटांची, 6 इंची भोक पाडायला गवंडी कुरकुरतो, मग 4 इंचावर भागवतात. दोनच इंचांचा फरक वाटतो, पण 6 इंची पाईपाचं तोंड सुमारे 28 चौरस इंच आणि 4 इंचीचं साडेबारा. म्हणजे निम्मीसुद्धा वाट राहिली नाही. वर शिट्टीसारखा आवाज येतो तो वेगळाच.

शेवटी बाहेर जा, किंवा गच्चीवरून वाकून बघा. भिंतीवरच्या झाकणाच्या पट्ट्या चिमणी चालू असताना उघडतात का? साळुंक्या तिथं काड्या भरतात, कुंभारमाशी मातीची घरं करते. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. दिवाळीआधी बाहेरून रंग दिला असेल तर रंगानं पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतील, चाकूनं सोडवल्या की काम झालं. फक्त पावसाळ्यातच त्रास होत असेल आणि झाकण पश्चिमेला असेल तर वारा समोरून दाबतोय. तोंड खाली असलेलं झाकण लावा.

पाईपच नसलेल्या, हवा घरातच सोडणाऱ्या चिमणीत कोळशाचा फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, बदलायचा.

अमेरिकेतली पोरं व्हिडिओ कॉलवर शेगडीवरचा मायक्रोवेव्ह दाखवतात, तोच तिथं चिमणीचंही काम करतो, त्यालाही हेच सगळं लागू. जादा एक बघायचं: त्यातला ब्लोअर फिरवून हवा वर, मागं किंवा घरात सोडता येते. बसवताना तो फिरवायचा राहिला असेल तर पाईप असूनही हवा त्याच्यात जात नाही. मायक्रोवेव्हचं आतलं झाकण मात्र कुणी उघडू नये, पिन काढल्यावरही आत जोरदार करंट साठलेला असतो.

एवढं करूनही मोटर गुणगुणते पण जोर धरत नाही, सुरू व्हायला वेळ घेते, असं असेल तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा भाग, उतरला असेल. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तसं होत असेल तर आधी व्होल्टेज मोजून घ्या. कपॅसिटर स्वस्त असतो, मोटरपेक्षा कितीतरी. तोही करंट धरून ठेवतो, म्हणून स्वतः हात घालू नका. मिस्त्रीला फोन करताना कॉलरपाशी हवा लागते का, पाईप किती इंची आणि आवाज बदललाय का, एवढं सांगितलंत तर तो योग्य सामान घेऊनच येईल.