‘मॅडम, दोघंही खोटं बोलतायत’ : इतिहास-नागरिकशास्त्राचा तास प्रश्नातून कसा घ्यायचा

मुलांना स्वतः शोधू द्या, शिक्षकाने बाजूला व्हावं, उत्तर देऊ नये – ट्रेनिंगमध्ये हे ऐकून ऐकून कान किटलेत. सांगणाऱ्याने चाळीस मुलांचा वर्ग आणि अर्धा-पाऊण तासाचा पिरियड शेवटचा कधी बघितला होता कोण जाणे. मी बरीच वर्षं हे करतेय, सुरुवातीला सपाटून आपटलेय, आणि आता माझी एक ठरलेली पद्धत आहे. माध्यमिकच्या कुठल्याही वर्गात चालते. धडा तुम्हाला नीट येतो, मुलांची नावं माहितीयेत आणि झेरॉक्स मिळते एवढं धरून चालते.

आधी प्रश्न. यावर लोक पानंच्या पानं लिहितात, मला तरी हे सगळ्यात अवघड काम कधी वाटलं नाही. चाचणी सोपी आहे : पुस्तकातला एक परिच्छेद उतरवून उत्तर होत असेल तर तो प्रश्न नाही, आणि दोन हुशार मुलं पुरावा दाखवून वेगवेगळी उत्तरं देऊ शकत असतील तर तो प्रश्न आहे. ‘स्त्रियांना मताधिकार कसा मिळाला’ हे धड्याचं नाव झालं. ‘न्यूझीलंडमध्ये बायकांना मताचा हक्क १८९३ साली मिळाला, मग स्वित्झर्लंडसारख्या देशात देशपातळीवर तो मिळायला १९७१ का उजाडावं लागलं?’ हा प्रश्न. मुलं आधी म्हणतात की तिथले लोक मागासलेले असतील. मग तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की तिथे असे निर्णय सार्वमताने होतात, १९५९ ला सार्वमत झालं होतं, मत द्यायचा हक्क फक्त पुरुषांना होता आणि त्यांनी नकार दिला. आता बघा वर्ग कसा जागा होतो, कारण ‘लोकांना विचारून निर्णय घेणं म्हणजे लोकशाही’ हे वाक्य सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास मला अजून जमलेला नाही.

भूगोलाला लंडनमधली १८५४ ची कॉलराची साथ घ्या. डॉक्टर जॉन स्नोने मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर संशय घेतला, ही गोष्ट सगळे सांगतात. तुम्ही नकाशा द्या आणि विचारा की पंपाच्या अगदी जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले कसे, आणि पार लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक म्हातारी बाई कशी गेली. (कामगार तिथलं पाणी पीतच नव्हते, त्यांना बिअर मिळायची. आणि त्या बाईला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते घरी मागवायची.) नियमाला न बसणारे ठिपके हाच खरा धडा.

मग दहा मिनिटं सरळ शिकवा. हो, फळ्यासमोर उभं राहून, नेहमीसारखं. काय, कुठे, केव्हा, कोण कोणाच्या विरुद्ध. यात अपराधी वाटून घेऊ नका. २००६ साली कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा शिक्षण-संशोधकांनी एक लेख लिहून मार्गदर्शनाशिवायच्या ‘शोधा म्हणजे सापडेल’ शिकवण्यावर जोरदार टीका केली, त्यावर अजून वाद चालू आहेत, पण नवख्याला मोकळं सोडलं की तो भरकटतो हे सांगायला मला तो लेखही लागला नसता. ‘गुगल करा’ तर मुळीच नको. पोरं पहिली लिंक उघडतात, उतरवतात आणि मोबाइलवर गेम लावतात.

साधनं, म्हणजे मुलांना वाचायला द्यायचे त्या काळातले मूळ कागद, दोन. फार तर तीन. प्रत्येक शंभर शब्दांच्या आत, खाली कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं त्याची एक ओळ. गट तिघांचे, सहाच्या गटात तिघं नुसते बसून असतात.

आता जिथे मी खरोखर अडकले तिथे येते. दोन वर्षं अडकले होते, आणि यावर कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कोणी बोलत नाही.

माझा नेहमीचा धडा लेक्झिंग्टनचा. १९ एप्रिल १७७५, पहाटे, ब्रिटिश सैनिक बॉस्टनहून कॉन्कॉर्डला शस्त्रसाठा ताब्यात घ्यायला निघालेत, वाटेत लेक्झिंग्टनच्या मैदानावर गावातले बंदूकधारी उभे, गोळ्या सुटतात, गावातले आठ जण मरतात आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं. पहिली गोळी कोणी झाडली? एक साधन म्हणजे गावातल्या ३४ जणांनी २५ एप्रिलला शपथेवर दिलेला जबाब : आम्ही पांगत होतो, आमची पाठ सैनिकांकडे होती, तेव्हा त्यांनी गोळ्या घातल्या, आमच्यातल्या कोणी आधी गोळी झाडली नाही. दुसरं, त्या मोहिमेतला ब्रिटिश लेफ्टनंट जॉन बार्कर याची डायरी : आम्ही जवळ जाताच त्यांनी एक-दोन गोळ्या झाडल्या, मग आमचे लोक हुकूम नसताना त्यांच्यावर धावून गेले, गोळ्या झाडल्या आणि त्यांना पळवून लावलं.

पहिल्या वर्षी मी हे दोन कागद वाटले आणि मनात म्हटलं आता चर्चा रंगणार. चार मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, दोघंही खोटं बोलतायत, दोघंही आपापल्या बाजूचे, मग काहीच सांगता येणार नाही.’ सगळा वर्ग ‘हो हो’. तास संपला! वीस मिनिटं शिल्लक आणि माझ्याकडे बोलायला काही नाही. घाबरून मी उत्तर सांगून टाकलं, तेही एका बाजूचं, जे मला स्वतःलाही धड माहीत नव्हतं.

नंतर कळलं की हे दरवर्षी होणार. पुस्तकात छापलंय म्हणजे खरं मानणारं मूल एका उडीत ‘सगळेच पक्षपाती’वर जाऊन बसतं, आणि वाईट म्हणजे ते फार हुशार वाटतं, शिक्षकालासुद्धा. ‘शाब्बास, तू पक्षपात ओळखलास’ म्हणून पाठ थोपटू नका. मी थोपटली होती. पक्षपाती म्हणून कागद फेकून द्यायचा तर मग जगात एकही कागद उरत नाही, आणि उलट पक्षपाती माणूसच कधीकधी सगळ्यात कामाचं बोलून जातो.

यावर मला जे सापडलं ते असं. मुलांना ‘कोण खरं बोलतंय’ हे विचारायचंच नाही. वहीत तीन रकाने आखायला लावायचे : दोघंही म्हणतात, एकच म्हणतो, स्वतःच्या बाजूला अडचणीचं असून म्हणतो. बस्स. पहिल्या रकान्यात आपोआप येतं की गावकरी पांगले आणि सैनिकांनी गोळ्या चालवल्या, म्हणजे शत्रूलाही मान्य असलेली गोष्ट, ती पक्की धरायला हरकत नाही. दुसऱ्यात पहिल्या गोळीचं भांडण. तिसरा रकाना खरा. कोणीतरी हळूच म्हणतं की बार्कर स्वतःच्याच सैनिकांबद्दल ‘हुकूम नसताना’ असं का लिहील? ब्रिटिशांची इज्जत वाचवायची असती तर हे शब्द लिहिलेच नसते. ते सापडलं की कालचं ‘काहीच सांगता येत नाही’ गळून पडतं, कारण आता काहीतरी सांगता येतंय : सैनिक ताब्यात राहिले नाहीत हे जवळजवळ पक्कं, पहिली गोळी कोणाची ते मात्र नाही.

आणि आता माझी सगळ्यात मोठी चूक. मुळातल्या जबाबात एक शब्दप्रयोग आहे, आमच्यापैकी कोणी आधी गोळी झाडली नाही, ‘आमच्या माहितीप्रमाणे’. मुलांना सोपं जावं म्हणून मी मजकूर सोपा करताना हे दोन शब्द काढून टाकले होते! वाटलं कायदेशीर फापटपसारा असेल. पुढच्या वर्षी ते परत घातले आणि एका मुलीने विचारलं की पाठ फिरवलेल्या माणसाला कोणी आधी गोळी झाडली ते दिसलं कसं. एवढं भारी निरीक्षण मी दोन वर्षं स्वतःच्या हाताने खोडत होते. तेव्हा भाषा सोपी करा, वाक्यं तोडा, अवघड शब्द बदला, पण ‘बहुतेक’, ‘ऐकलं की’, ‘आमच्या माहितीप्रमाणे’ असल्या शब्दांना हात लावायचा नाही. मुलांना पुरावा वाचायला शिकवताना कामाचे असतात ते हेच.

अजून एक, कागदाखालची ती ‘कोणी लिहिलं’ची ओळ आधी वाचायला लावा, मजकुराच्या आधी. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन शिक्षण-संशोधकाने आठ इतिहासकार आणि आठ हायस्कूलच्या मुलांना याच लेक्झिंग्टनचे कागद मोठ्याने विचार करत वाचायला लावले होते, १९९१ साली तो अभ्यास छापून आला. इतिहासकारांची नजर आधी कोणी लिहिलंय तिकडे जायची, मुलं मात्र बहुतेक वेळा त्या ओळीकडे लक्षच देत नव्हती. मी मजकूर घडी घालून झाकायला लावते आणि विचारते, नुसतं नाव-तारीख बघून सांगा हा काय म्हणेल. जबाब शपथेवर आहे, सहा दिवसांनी आहे आणि लंडनला पाठवण्यासाठी गोळा केलेला आहे. डायरी स्वतःसाठी आहे. अंदाज चुकला तरी चालेल, चुकला की उलट जास्त नीट वाचतात.

शिक्षकाने या वेळात गप्प बसायचं का? अजिबात नाही. फिरायचं, आणि एकच प्रश्न विचारायचा, ‘कुठल्या ओळीत?’ मूल म्हणालं की ब्रिटिश घाबरले होते, कुठल्या ओळीत. बोट ठेवता आलं नाही तर ते मत बाजूला. उत्तर द्यायचं नाही, पण चुकीचं वाचलेलं असेल तर तिथल्या तिथे सांगायचं, त्याने काही शोधाचा आनंदबिनंद मरत नाही.

वेळ उरला तर तिसरं साधन चित्रांचं. अमोस डूलिटलने १७७५ मध्येच केलेल्या छापचित्रात गावकरी पांगताना दिसतात. हेन्री सँडहॅमच्या १८८६ च्या चित्रात तेच गावकरी छाती काढून लढतायत. शंभर वर्षांत चित्र का बदललं असेल, हा घरचा अभ्यास.

शेवटी लिहून घ्या. चर्चा कितीही रंगली तरी लिहून घ्या, नाहीतर चार बोलकी पोरंच शिकतात. पाच-सहा ओळी : माझं उत्तर, त्याला आधार देणाऱ्या दोन ओळी, माझ्या विरुद्ध जाणारी एक ओळ आणि मला किती खात्री आहे. विरुद्ध जाणारी ओळ नसेल तर मी वही परत देते. मार्क उत्तराला नाही, ओळींना. पालक विचारतात बरोबर उत्तर कोणतं, त्यांना वहीतले तीन रकाने दाखवा.

पोर्शन? महिन्यातून असे दोन तास पुरतात. बाकीचे धडे नेहमीसारखे शिकवा. फक्त चाचणीत एक अनोळखी उतारा टाका, खाली लेखक आणि तारीख देऊन, आणि कोण आधी तिकडे बघतं ते पर्यवेक्षण करताना बघत राहा.