साथीच्या आकड्यांवर काम करायचंय? आधी तारखा मागा

संख्याशास्त्र शिकून या कामात येऊ पाहताय, म्हणजे रिग्रेशन, कॉन्फिडन्स इंटरव्हल तुम्हाला येतं असं धरून चालते. साथरोगांच्या कामात माणूस अडकतो तो साध्या भागाकारात.

साथ चालू असताना मृत्यूदर (रुग्णांपैकी किती दगावतात तो) विचारला, तर एकूण मृत्यू भागिले एकूण रुग्ण असं करू नका. हे उमगायला मला फार वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते. समजा एकूण रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होतायत आणि आजारापासून मृत्यूपर्यंत तीन आठवडे जातात. आज रुग्ण 800, मृत्यू 10. दर आला सव्वा टक्का. पण हे मृत्यू तीन आठवड्यांपूर्वीच्या रुग्णांतले, आणि तेव्हा रुग्ण होते 100. म्हणजे दर 10 टक्के! उरलेल्या 700 जणांचं काय होणार हे अजून ठरायचंय, आणि भागाकारात आपण त्यांना वाचलेले धरून टाकलं. 2003 मध्ये सार्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराचा दर सुरुवातीला सुमारे 4 टक्के दिसत होता. अखेरीस 8,096 रुग्णांत 774 मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर.

सौम्य रुग्ण नोंदलेच गेले नाहीत तर उलटी चूक होते, दर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, तीही ध्यानात ठेवा.

लक्षणांच्या तारखेनुसार काढलेला आलेख शेवटच्या काही दिवसांत खाली झुकतो, तेही उशिरामुळेच, फक्त हा उशीर नोंदीचा. साथ ओसरली असेलच असं नाही, नोंदी पोचायच्या असतात. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या लक्षणांची, नोंदीची आणि शेवटी काय झालं त्याची, अशा तिन्ही तारखा मागा. भांडून मागा.

तयार सॉफ्टवेअर पॅकेज चालवून आलेख काढणं मला मुळीच पटत नाही. मार्गदर्शकही असा शोधा, ज्याने रुग्णांचे फॉर्म स्वतः तपासलेत. शोधनिबंधांची लांबलचक यादी इथे कामाला येत नाही.

विषाणूशास्त्र येत नाही म्हणून मात्र घाबरू नका, ते कामातून येतं. कोविडच्या उपचारांसाठी ब्रिटनमध्ये झालेल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कोणाला द्यायचं हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरलं. म्हणूनच जून 2020 मध्ये ठामपणे सांगता आलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटतात आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसत नाही. ती आखणी आपल्याच विषयाची, संख्याशास्त्राची आहे.

2020-21 मध्ये कोविडचे नोंदलेले मृत्यू सुमारे 54 लाख; जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा (नेहमीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा) अंदाज 1 कोटी 49 लाख. ही तफावत मृत्यूनोंदी वर्षानुवर्षं नीट ठेवल्या असतील तिथेच नेमकी मोजता येते. पहिली नोकरी अशा नोंदींची मिळाली तर खुशाल घ्या.