नडगीचं हाड जुळलं, पण गुडघा सरळ होईना: माझा अनुभव

सोयाबीनचा कट्टा घेऊन मोंढ्याला निघालो होतो. काळ्या मातीच्या चिखलात मोटारसायकल घसरली, नडगी मोडली. प्लेट बसली, हाड जुळलं, डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला परवानगीही दिली. तरी लंगडणं जाईना. सतरंजीवर पाय पसरला की गुडघ्याखालून ४ बोटं आरपार जायची. तिळाच्या तेलाची मालिश झाली, लेप झाले, बेल्ट झाला. रात्री रडू यायचं.

घोळ उशीचा होता. दुखू नये म्हणून आई प्रेमानं गुडघ्याखाली उशी द्यायची आणि वाकलेल्या अवस्थेतच मागचे स्नायू आखडत गेले. परभणीच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी आधी ती उशी काढायला लावली.

मग टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी, १० मिनिटं. लगेच मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ आकडे मोजून सोडायचा, असं १० वेळा. दिवसातून ३ दा. मागे ताण बसतो, तो बसू द्यावा. कळ आली तर थांबावं. पोटरी सुजून गरम लागली तर व्यायाम बंद, आधी दवाखाना.

सहाव्या आठवड्यात गुडघ्याखाली १ बोटही जाईना. काल काठी न घेता बांधावरून विहिरीपर्यंत गेलो.